सोमवार ते सोमवार आठ

उमेरा हुशार होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, पोरगी मूर्ख होती म्हणून असं झालं. मूर्ख माणसाच्या हातून एवढं नुकसान होत नसतं बाबांनो, त्याला मुळात एवढं मोठं काम कोणी देतच नाही.

राजुऱ्याच्या बसस्टँडमागे जलालुद्दीन टेलरचं दुकान आहे, त्याची ही थोरली. बी.एस्सी. झालेली आणि तालुक्याच्या एका कार्यालयात एजन्सीमार्फत कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागलेली. कोणतं कार्यालय ते विचारू नका. अंगणवाडीतल्या मदतनीस बायांची भरती तिथून चालायची, एवढं पुरे. उमेराचा करार वर्षाचा, एकतीस डिसेंबरला संपणारा. पुढच्या वर्षी खुर्ची राहणार की जाणार, हे प्रफुल साहेबांच्या दोन शब्दांवर होतं. 'काम समाधानकारक' असं त्यांनी तिच्या फाइलीवर लिहिलं तर राहणार. इकडे जलालुद्दीनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले, सुईत दोरा ओवायला तो गिऱ्हाइकाच्या हातापाया पडायचा. भाऊ शहबाज तीन वर्षांपासून पोलीस भरतीच्या नावानं मैदानाला चकरा मारत होता आणि घरी येऊन आठ पोळ्या हाणत होता. म्हणजे त्या दोन शब्दांवर अख्खं घर टांगलेलं होतं, आणि हे प्रफुल साहेबांना पक्कं ठाऊक होतं.

त्या वर्षी मदतनिसांची तात्पुरती यादी सतरा नोव्हेंबरला, सोमवारी बोर्डावर लागली. जिला वाटतं आपले गुण चुकीचे धरले, तिनं पंधरा कामाच्या दिवसांत लेखी आक्षेप द्यायचा. नोटिशीवर शेवटची तारीख लिहावी की नाही? नाही लिहिली. तारीख लिहिली की ती पाळावी लागते, त्यापेक्षा पंधरा दिवस म्हटलेलं सोयीचं. बाया येत राहिल्या, खिडकीवर शिक्का मारून पोच मिळत राहिली, आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत एकशे चाळीस आक्षेपांचा ढीग साहेबांच्या टेबलावर चढला.

साहेब उमेराच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात चहाचा कागदी कप, तोंडात सुपारी.

"उमेरा, एकशे चाळीस! एकेकीची सुनावणी घेत बसलो त मी इथीच रिटायर होईन. मुदतीबाहेरचे काढून टाक. यादी लागल्यापासून पंधरा कामाचे दिवस. शनिवार, रविवार, सुट्ट्या सोडून. हातानं मोजशील त चुकशील, मंग बाया बोंबलतील. कम्प्युटरनं काढलं का कोनाचं तोंड उघडत नाई."

"करते ना सर," उमेरा म्हणाली. छाती फुगली तिची. आजवर तिला कोणी नुसतं टाइप करण्यापलीकडे काही सांगितलंच नव्हतं.

आता तिला हे येत होतं का? नव्हतं येत. पण मोबाइलवर एक व्हिडिओ लावला, वहीत उतरवून घेतलं, आणि दोन दिवस मान वर केली नाही. गोष्ट तशी सोपी. डेटाबेस म्हणजे शेवटी आपले तक्तेच. एका तक्त्यात बाईचं नाव, गाव, आक्षेपाची तारीख. दुसऱ्या तक्त्यात नुसत्या सुट्ट्यांच्या तारखा. यंत्राला दोन तारखा द्यायच्या, ते वजाबाकी करून मधले दिवस सांगतं. त्यातून शनिवार-रविवार काढायचे, मग सुट्ट्यांच्या तक्त्यातल्या ज्या तारखा मध्ये पडतात त्या काढायच्या. उरले ते कामाचे दिवस. सुट्ट्यांचा तक्ता तर तिनं इतका चोख भरला की काय सांगू. मुंबईहून आलेल्या सुट्ट्यांच्या यादीत तान्हा पोळा नसतो, तो आपल्याकडे कलेक्टर साहेब वेगळा जाहीर करतात. या भरतीशी पोळ्याचा काही संबंध नव्हता, तरी पोरीनं तोसुद्धा शोधून टाकला. एवढी ती नेटकी.

आणि नेटकी म्हणूनच तिनं ताळा करून पाहिला. यंत्राला सांगितलं, या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत किती दिवस? यंत्र म्हणालं, सात.

उमेरानं कॅलेंडरवर बोट ठेवलं. सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन, असं करत पुढचा सोमवार आठ. पुन्हा मोजलं. आठच.

"सुकलूभाऊ," तिनं दारातल्या शिपायाला हाक मारली. "या सोमवारपासून पुढचा सोमवार किती दिवसांनी?"

सुकलूभाऊंनी तंबाखू मळता मळता तिच्याकडे पाहिलं. बी.एस्सी. झालेली पोरगी काय विचारते, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "आठ दिवसानं. हे काय विचारनं झालं पोरी?"

पलीकडच्या टेबलावरचा पवन बाबूही म्हणाला, आठ. घरी जलालुद्दीननं तीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगितलेलं, "आठ दिवसानं या जी," आणि गिऱ्हाईक सोमवारी कापड टाकून पुढच्या सोमवारी बरोबर हजर. सबंध महाराष्ट्र सोमवार ते सोमवार आठ म्हणतो, आणि हे डबडं सात म्हणतं! उमेराला हसूच आलं. यंत्र पहिला दिवस खातं, एवढंच तिला समजलं, आणि तिनं शेवटी एक मिळवून दिला. अधिक एक. आता बोटांचा आणि यंत्राचा मेळ बसला. पोरगी खूश, पवन बाबू खूश, सुकलूभाऊंना तर आपण कम्प्युटरची चूक काढली याचा अभिमान संध्याकाळपर्यंत पुरला.

बोर्डावरची मूळ नोटीस मात्र तिघांपैकी एकानंही जाऊन वाचली नाही. कशाला वाचतील? साहेबांनी तोंडानं सांगितलं होतं ना!

बटण दाबलं. एकशे चाळीसमधले बासष्ट बाहेर. साहेबांनी पाठ थोपटली. त्या बासष्टांतल्या एकोणचाळीस बाया खरोखरच उशिरा आलेल्या. उरलेल्या तेवीसजणी आठ डिसेंबरला, सोमवारी आलेल्या. आपल्याकडे शेवटच्या दिवशी येणं हीच वेळेवर येण्याची रीत, त्यात कापूस वेचणीचे दिवस, मजुरी बुडवून कोण आधी येतं? त्या तेवीसजणींच्या नावापुढे यंत्रानं सोळा लिहिलं. अठरा तारखेला पत्रं गेली, 'संगणकीय गणनेनुसार आपला आक्षेप सोळाव्या दिवशी प्राप्त, सबब मुदतबाह्य.' एकोणीसला नेमणुकीचे आदेश निघाले. इतकं झटपट काम त्या कार्यालयात त्याआधी कधी झालं नव्हतं.

बावीस तारखेला चंदा आली.

चंदा पस्तीस किलोमीटरवरच्या जंगलातल्या गावची, सोयाबीन-कापसाचं दोन एकर वावर असलेल्या घरातली. नवरा चार वर्षांपूर्वी कोळशाच्या ट्रकखाली गेला. मदतनिसाच्या जागेला विधवेचे दहा गुण जास्त मिळतात. तिनं नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला जोडला होता, पण गुण देणाऱ्यानं तो उलटूनही पाहिला नाही. बासष्ट गुणांवर तिचं नाव दुसरं, सहासष्टवाली पहिली. दहा मिळाले असते तर बहात्तर, जागा तिचीच. आणि पुढच्या भरतीला तिचं वय बसणार नव्हतं. यंदा नाही तर कधीच नाही, असा हा मामला. आक्षेप मान्य होणारच होता, तो कोणी वाचला असता तर.

"मॅडम, हे पत्र तुमीच काढलं म्हनते," चंदा म्हणाली. आवाजात रडं नव्हतं, ताव होता. "मी सोळाव्या दिवशी कशी आली? माह्या पोरीनं मोजून देलं होतं. सातवीत हाये थे. गनितात वर्गात पयली."

तिनं कमरेच्या पिशवीतून वहीचं पान काढलं. चौकटी आखलेल्या. शनिवार-रविवारावर लाल फुली. सतरा नोव्हेंबरच्या चौकटीत काहीच नाही, अठरावर एक, एकोणीसवर दोन, असं करत आठ डिसेंबरवर पंधरा, त्याला गोल. आणि वर, पोरीच्या गोल गोल अक्षरात, 'यादी प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून.'

"हे दुसऱ्या दिवसापासून कुठून आणलं?" उमेरानं विचारलं.

"यादी पाह्याले आलो त थे संगं होती. बोर्डावर लिवलं होतं थे उतरवून घेतलं तिनं. मले कुठी वाचता येते?"

उमेरा उठली. व्हरांड्यात बोर्डापाशी गेली. नोटीस अजून तिथंच होती, एक कोपरा लोंबत. चौथी ओळ. 'प्रसिद्धीच्या दुसऱ्या दिवसापासून कामकाजाचे पंधरा दिवस.' यंत्र बरोबर होतं. पहिला दिवस ते खात नव्हतं, तो धरायचाच नव्हता. पंधराच होते. तिनं स्वतःच्या हातानं तेवीस बायांच्या नावापुढे एकेक दिवस वाढवून ठेवला होता.

परत येऊन ती चंदाला म्हणाली, "ताई, मी पाहते. साहेबांशी बोलते. शुक्रवारी या. पोरीलाही आणा."

"पोरीले कायले?"

"आणा," उमेरा म्हणाली. तिला त्या पोरीला बघायचं होतं. शाबासकी द्यायची होती, खरंच सांगतो, तेव्हा तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

प्रफुल साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. वहीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो पाहिला, मोठा करून पाहिला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला.

"पोरगी हुशार दिसते," ते म्हणाले. "बस. हे पाहा उमेरा, चूक झाली, मान्य. कोनाची झाली?"

"माझी, सर."

"मंग लिहून दे. 'मी उमेरा जलालुद्दीन शेख, माझ्या चुकीमुळे तेवीस आक्षेप फेटाळले गेले.' सही कर. मी आत्ता वर पाठवतो. आदेश रद्द होतील, ज्या बाया कामावर लागल्या त्याईले काढा लागन, त्याईचे घरवाले तुह्या टेबलापुढं येतील. मी नाई सांगनार कोनाले काही, तूच सांगजो. अन् एजन्सीले मले कळवा लागन का ऑपरेटरले मोजता येत नाई." त्यांनी कप पुढे सरकवला. "घे ना, थंडा होते."

उमेरानं कप उचलला नाही.

"नाई त काय कर," साहेब अगदी मायेनं म्हणाले, "थो अधिक एक काढून टाक. पुढच्या भरतीपासून बरोबर येईन. तू शिकली, कार्यालयाचा फायदा झाला, झालं. तेवीस बायांपैकी एकच आली ना विचाराले? बाकीच्याईनं मान्य केलं. लोक मान्य करतात उमेरा. आपन उगाच त्याईच्या डोक्याले ताप देतो." मग त्यांनी कपाटातून तिची फाइल काढली, टेबलावर ठेवली, आणि उघडली नाही. "एकतीसच्या आधी शेरा मारा लागते. शुक्रवारी मारतो. थे बाई शुक्रवारीच येनार ना?"

बाहेर येताना तिनं ऐकलं, साहेब सुकलूभाऊंना सांगत होते, बोर्डावर फार जुने कागद झाले, साफ करून टाक.

बुधवारी रात्री उमेरा कागद घेऊन बसली. 'मी उमेरा जलालुद्दीन शेख' इथपर्यंत लिहिलं. जलालुद्दीन पलीकडे कुणाच्या तरी पँटची शिवण बोटांनी चाचपडत होता. उलटी बाजू सुलटी समजून शिवली होती त्यानं, आणि आता उसवत बसला होता. उमेरानं कागद चुरगाळला. लाज वाटली तिला? वाटली. पण लाजेनं कोणाचं घर चालतं का, असंही तिला वाटलं, आणि दुसरं वाटणं जिंकलं. भित्री होती म्हणा, तुम्हाला म्हणायला काय जातं!

शुक्रवारी चंदा आली, पोरीला घेऊन. रंजीता नाव. शाळेचाच ड्रेस घातलेला, केसांना तेल चोपडून दोन वेण्या, हातात ते वहीचं पान. एवढीशी पोर, पण नजर अशी की समोरच्यानं डोळे फिरवावेत. प्रफुल साहेब आपल्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले, चहाचा कप घेऊन.

"झालं का मॅडम बोलनं?" चंदानं विचारलं.

"झालं," उमेरा म्हणाली. "काही होत नाही ताई. सोळावाच दिवस येतो."

मग चंदानं जे विचारलं, ते तिनं विचारायला नको होतं. "म्हनजे पोरीनं चुकवलं?"

आता इथं उमेराला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. 'नियम तसा आहे' म्हणता आलं असतं. खोटं बोलायच्या पन्नास तऱ्हा असतात, त्यात कोणाला न मारणाऱ्याही असतात. पण दारात चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हो. पोरीचं चुकलं."

"मॅडम," रंजीता म्हणाली, "मोजून दाखवा ना."

उमेरानं तिच्या हातातलं पान घेतलं. रिकाम्या चौकटीवर बोट टेकवलं. "सतरा नोव्हेंबर, एक. अठरा, दोन. एकोणीस, तीन." शनिवार-रविवारच्या लाल फुल्या ती ओलांडत गेली. आवाज तिचा एकदाही अडखळला नाही, शिक्षिकेसारखा स्वच्छ. "आठ डिसेंबर, सोळा."

"पन दुसऱ्या दिवसापासून मोजाचं होतं. मी वाचलं होतं."

"कुठी वाचलं?" चंदा ओरडली.

"बोर्डावर."

चंदानं तिचं मनगट धरलं आणि फरफटत व्हरांड्यात नेलं. बोर्ड कोरा होता. चार टाचण्या होत्या, एका टाचणीखाली कागदाचा तुकडा. चंदाला वाचता येत नव्हतं, पण कोरा बोर्ड दिसायला अक्षरओळख लागत नाही. परत आली तेव्हा पोरीच्या गालावर पाच बोटं उमटलेली होती.

"काई नाई तिथी," ती उमेराला म्हणाली, जणू माफी मागत असावी तसं. आणि पोरीकडे वळून, "मॅडम एवढ्या शिकलेल्या, मशीननं मोजून देलं, अन् तुले जास्त समजते? मी साऱ्या गावात म्हनत होती, माही पोरगी गनितात पयली! पंधरा मोजता येत नाई तुले? तुह्या बापाच्या मरनाचे दहा गुन होते थे, तुह्यापायी गेले. मी त आक्षेप द्याले शुक्रवारीच येनार होती, तूच म्हनली ना सोमवार चालते म्हनून?"

रंजीता रडली नाही. तिनं पान उमेराच्या टेबलावर पसरलं, तिथलीच पेन्सिल उचलली, आणि ओठ हलवत पुन्हा मोजायला लागली. एकदा अठरापासून. मग थांबली. उमेराकडे पाहिलं. उमेरानं नजर स्क्रीनवर ठेवली. मग पोरीनं सतराच्या रिकाम्या चौकटीत एक लिहिला, आणि पुढचा एकेक आकडा खोडून त्याच्या जागी नवा लिहीत गेली, सावकाश, सुवाच्य, शेवटच्या चौकटीत सोळा येईपर्यंत.

"हो आई," ती म्हणाली. "माह्यंच चुकलं. मी पयला दिवस सोडून देला होता."

साहेब आत गेले. केबिनमधून फाइल उघडल्याचा आवाज आला.

"सोमवारपासून कापूस येचाले चाल माह्यासंगं," चंदा म्हणाली. "बस झालं शिकनं. थितं मोजाचं काम नाई. अन् माफी माग मॅडमची, त्याईचा कामाचा टाइम घेतला."

रंजीतानं पेन्सिल जागेवर ठेवली आणि दोन्ही हात जोडले. "माफ करा मॅडम. माह्यं मोजनं चुकलं."

"असू दे," उमेरा म्हणाली. "चुकते लहान लेकरांचं."